काळी रेघ

“बघा मॅडम, नागअळी परत आली!” प्रकल्पप्रमुख घैसासने आतून पोखरलेलं पाणगवताचं पातं पुढे केलं. तळं जिवंत असल्याचा दाखला त्याला आजच हवा होता.

कीटकतज्ज्ञ मृणालिनी टिळेकरांनी पातं उजेडाकडे धरलं. अळीने पोखरलेली वाट झाडून काढल्यासारखी लख्ख होती.

“ही नुसती खाते? हगत नाही?”

टिळेकरांनी सुईने पातं उकललं. आत कणीएवढं यंत्र वळवळत होतं.

“दाखला विसरा. तुमचं तळं मेलंय. खऱ्या अळीच्या मागे विष्ठेची काळी रेघ असते.”

घैसासचा चेहरा उजळला. त्याने तिथूनच कारखान्याला फोन लावला.

“पुढच्या खेपेत विष्ठा घाला. थांबा, विचारतो. मॅडम, काळी म्हणजे किती काळी?”