वयाएवढे दाणे

थंडी सरायच्या सणाला वयाएवढे भाजलेले सोयाबीन मोजून खायचे, म्हणजे वर्षभर दुखणं जवळ फिरकत नाही. किमिएने नवऱ्यापुढे बशी सरकवली.

"अहो, एकाहत्तर आहेत. एकही टाकायचा नाही."

"दात आहेत का चावायला? आणि हे खाऊन कुणाचं भलं झालंय आजवर?" तेइझो खेकसला.

"झाली तुमची सुरुवात! हृदय ठणठणीत राहतं याने. टीव्हीवर डॉक्टरसुद्धा सांगत होते."

"आपल्या रियोहेलाही असंच दटावून खायला घालायचीस."

"घालायचीस म्हणजे? त्याचेही मोजून ठेवलेत मी."

तेइझोने पहिला दाणा तोंडात टाकला.



मुलाच्या फोटोपुढच्या बशीत यंदाही चौतीसच दाणे होते.