विणकराचे दात

फर्गसदादाला आमच्या गिरणीवाल्यांनी स्कॉटलंडहून आणलं ते फुटबॉल खेळायला! पण पैसे घेऊन खेळायला बंदी, म्हणून कागदोपत्री तो विणकर. आज फुटबॉल संघटनेचे तपासनीस थेट त्याच्या मागापाशी आले. पकडला गेला, तर त्याचा खेळच कायमचा बंद.

"विणकर ना? मग धोट्याच्या बारीक भोकातून सूत ओव बघू," तपासनीस म्हणाले.

दादा बोटांनी झटापट करू लागला. शेजारच्या मागावरून मी ओठांचा चंबू करून दाखवत होते, अरे, भोकाला ओठ लावून सूत तोंडाने ओढ!

"विणकर तोंडाने ओढतात. तू बोटांनी?"

दादा कसनुसा हसला. तपासनीस साहेब वाकून बघतच राहिले.

"अरेरे, सूत ओढून पुढचे तीन दात गेले की रे!"

"कामावरच गेले, साहेब."

अगदी खरं बोलला. शनिवारी, गोलसमोर!