समुद्राचा रुसवा

डॉक्टर मृदुला कारखानीसांच्या प्रयोगशाळेत पाच कोटी वर्षांपूर्वीचा समुद्र एका गोल टाकीत संथ फिरत होता. मधोमध बर्फाचा ध्रुव, कडेला तापवलेलं विषुववृत्त. ध्रुवाचं गार पाणी तळाशी जाऊन कडेकडे वाहायला हवं होतं. आठ महिने ते जागचं हललं नव्हतं आणि सोमवारी समिती प्रयोग गुंडाळायला येणार होती.

खंडेनवमीला प्रयोगशाळेच्या शिपाई भागूबाईंनी दरवर्षीसारखी सगळ्या यंत्रांची पूजा केली. टाकी थांबवायची नाही अशी सक्त ताकीद होती आणि फिरत्या टाकीला बोट लावणार कसं? म्हणून त्यांनी चिमूटभर हळदकुंकू ध्रुवावरच वाहिलं.

मॅडम ओरडायला धावल्या आणि थबकल्या. हळद तळाला गेली होती आणि तिची पिवळी रेघ शिस्तीत विषुववृत्ताकडे निघाली होती.

समिती खूश झाली. पण हळदकुंकवाशिवाय प्रयोग केला की समुद्र पुन्हा ठप्प. शेवटी मॅडमनी शोधनिबंधात प्रामाणिकपणे लिहिलं, ‘प्रारंभी ध्रुवावर हळदकुंकू वाहिले.’ परदेशी तज्ज्ञांना त्यात काही वावगं दिसलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं की पाच कोटी वर्षांपूर्वी ही पूजा कोण करत असे.

मॅडमनी तो प्रश्न भागूबाईंपुढे ठेवला. त्या टाकीची काच पुसत होत्या.

“कोण करणार? तेव्हा माणसंच नव्हती,” हात न थांबवता त्या म्हणाल्या. “मग समुद्र रुसेल कशाला?”