कर्नल उठण्याआधी

"वहिनी, माझं कर्नल दोन सेकंदांत उठतं. स्टँप पेपरवर लिहून देतो," भावजी खुर्ची मागे रेलत म्हणाले.

कर्नल म्हणजे त्यांनी लिहिलेला, यंत्र चालवणारा मूळ प्रोग्राम. टेबलावरचं श्वासयंत्र मात्र बंद पडून पुन्हा सुरू व्हायला नऊ सेकंद घेत होतं. मुभा पाचाची. दुपारी इस्पितळातल्या नर्सबाई तपासायला येणार होत्या. त्या नाही म्हणाल्या, की दोघांची सारी मेहनत माळ्यावर.

"तुमचं घड्याळ तुम्ही डोळे उघडल्यावर सुरू होतं, भावजी. त्याआधी हाका किती माराव्या लागल्या, ते त्यात कुठं धरलंय?"

हाका मारणारं फर्मवेअर वहिनींचं. वीज आली की यंत्राचा एकेक भाग जागा करायचा आणि कारभार कर्नलच्या हाती सोपवायचा. त्यांनी वेळ रेघेनं दाखवणाऱ्या स्कोपच्या तारा खटक्यापासून पंख्यापर्यंत जोडल्या नि बटण दाबलं. पडद्यावर रेघ उमटली. नऊतले सात फर्मवेअरचेच निघाले.

"घ्या! आता बोला."

वहिनी लॅपटॉपवर सरकणाऱ्या ओळी बघत होत्या. वेळ कुठं जातो ते कळावं, म्हणून फर्मवेअरला त्यांनीच बजावलं होतं, प्रत्येक पायरीला किती लागला ते सांगत जा. बिचारं इमानानं सांगत होतं. बारीक तारेवरून अक्षर अक्षर पाठवत, आणि शेवटचं अक्षर पोचल्याशिवाय पुढचं पाऊल न टाकता.

"अगं बाई! मोजदादच वेळ खातेय."

त्यांनी एकूण एक ओळ बंद केली.

"मुकं केलंत? बिघडलं तर कळणार कसं?"

"एक दिवा ठेवलाय. काम झालं की लागेल. तेवढं पुरे."

पुन्हा बटण दाबलं. या खेपेला रेघ चार सेकंदांच्या आतच संपली. भावजींनी ती दोनदा बोटानं मोजली आणि गुपचूप वहिनींपुढे चहाचा कप सरकवला.

नर्सबाई आल्या. रेघेकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. खोल श्वास घेतला, चिमटीत नाक धरलं आणि भुवईनं खूण केली.

वहिनींनी वीज तोडली, जोडली. दिवा लागला. पंखा घुमला. नळीच्या टोकाचा रबरी फुगा फुगला, बसला, पुन्हा फुगला.

नर्सबाई नाक धरूनच उभ्या.

"अहो, झालं की! सोडा आता!" भावजी घाबरले.

नर्सबाईंनी त्यांना हातानंच थांबवलं. फुगा आणखी दोनदा वरखाली होऊ दिला. मग लालबुंद चेहऱ्यानं श्वास सोडत म्हणाल्या, "माझा श्वास अजून पुरला असता."