यंत्रावरची गादी

जुन्या गाद्यांमधला फोम बारीक करून डांबरात मिसळायचा, म्हणजे रस्ता लवकर उखडत नाही, हा त्या कारखान्याचा धंदा. गादी आली की फोम दळणाऱ्या यंत्रावरचे मामा आधी यंत्र बंद करायचे आणि टोपी काढून घटकाभर उभे राहायचे. धडधाकट माणूस अंगाखालची गादी टाकतो कशाला? गादी इथं येते ती माणूस गेल्यावरच, ही त्यांची पक्की समजूत.

त्या दिवशी डांबराच्या भट्टीवरची बाईच खांद्यावर गादी घेऊन आली. मामांनी गादी ओळखली. हिची पोर वळणावरच्या खड्ड्यात स्कूटरसकट आपटली होती, तेव्हापासून याच गादीला खिळलेली. तो खड्डा बुजवायला कुणाचा बाप आला नव्हता. पाहणीला मात्र साहेबांच्या गाड्या येऊन गेल्या, खड्डा चुकवून.

मामांनी यंत्र बंद केलं. टोपी काढली.

"टोपी घाला आधी," बाई खेकसली. "आणि यंत्र चालू करा. उद्या त्या वळणावर डांबर पडतंय. हा माल त्यातच गेला पाहिजे."

"अगं, पण पोर..." मामांनी टोपी हातातच धरली.

"गादी स्वतःच्या हातानं टाकायचीय म्हणून आलीय ना माझ्याबरोबर! रखवालदार मेला आत सोडत नाही. एक कुबडी ती घरीच टाकून आलीय, आणि दुसरी त्याच्यावर उगारून फाटकात उभी आहे."