रविवारची कीड

"पुन्हा आलीच बघ," थोरली म्हणाली आणि चष्मा नाकावर खाली सरकवला. "आणि तुला कापायची घाई."

धाकटीने कुंडी उजेडाकडे वळवली. ऑर्किडच्या पानांच्या बेचक्यात कापसाच्या कणासारखं पांढरं काहीतरी चिकटलं होतं. तिने काडीला कापूस गुंडाळला, स्पिरिटमध्ये बुडवला आणि मुकाट्याने पुसायला घेतलं. बोलण्यासारखं बरंच होतं, पण थोरल्या जावेपुढे तोंड उघडायची सवय तिला एकत्र राहत असतानाही लागली नव्हती. आता तर घरं वेगळी झाली होती.

वाटणी गुण्यागोविंदाने झाली. कपाटं, भांडी, गाद्या, सगळं दोघा भावांनी चहा पिता पिता उरकलं. राहिलं ते ऑर्किड. दोघी जावांनी मिळून आणलं तेव्हा बोटभर होतं. आता त्याच्या फुगीर कांड्या कुंडीच्या काठावरून बाहेर पडून हवेत लोंबत होत्या, मुळांनी कुंडीला तडा दिला होता आणि दाटीपायी फुलं यायची थांबली होती. कापून दोन कुंड्या करायच्या, यावर दोघींचं कधी नव्हे ते एकमत झालं. तेवढ्यात पानांखाली तपकिरी खवले दिसले. थोरली शाळेत नर्स होती. तिने जागच्या जागी फर्मान काढलं, "कीड गेल्याशिवाय सुरी लावायची नाही. जखमेत शिरली तर दोन्ही तुकडे जातील."

तेव्हापासून दर रविवारी धाकटी दोन बस बदलून यायची, कीड पुसायची आणि रिकाम्या हाताने परत जायची. "तुला वाटणीत ऑर्किड मिळालंय की किडे?" नवरा विचारायचा. तिला हसू येत नसे. नव्या घराची गॅलरी पूर्वेची होती. सकाळी अशी लख्ख उजळायची, की घर बघायला आलेल्या थोरलीने डोळ्यांवर आडवा हात धरला होता. "बाई बाई, डोळे दिपले माझे. इथे बसायचं की कपडे वाळवायचे?" त्याच गॅलरीत ऑर्किड लावायला रिकामी कुंडी, झाडाच्या सालीचे तुकडे आणि कोळसा कधीचे मांडून ठेवलेले होते.

घर सोडायच्या दिवशी थोरली म्हणाली होती, "बरं झालं. माझा ओटा मला मोकळा मिळेल." ते धाकटीला फार लागलं होतं. इतकी वर्षं त्या ओट्यावर खांद्याला खांदा लावून काढली, त्याचं हे? आणि आता या बाईला रोपाचा एक तुकडासुद्धा देववत नव्हता.

एक गोष्ट मात्र तिला कळत नव्हती. तपकिरी खवले तिने नखाने खरवडून काढले होते. ते गेले, याची तिला खात्री होती. कपडे शिवून शिवून तिची नजर बारीक झाली होती. ही पांढरी कीड निराळीच. ती आली कुठून?

पुढच्या रविवारी दोन्ही बस लगेच मिळाल्या आणि ती वेळेआधीच गल्लीत पोचली. थोरली कुंपणापाशी उभी होती. शेजाऱ्यांच्या जास्वंदीच्या फांद्या अलीकडे झुकल्या होत्या आणि त्या किडीने पांढऱ्या झाल्या होत्या. थोरलीच्या एका हातात बाटलीचं झाकण होतं, दुसऱ्यात रंगाचा ब्रश. झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारी ती बाई, ओठ घट्ट मिटून, ब्रशच्या टोकाने एक-एक पांढरा किडा हळूच झाकणात उतरवत होती. मग झाकण जपून धरत ती आत गेली.

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आज सोडायचंच नाही, असं ठरवून ती तरातरा फाटकातून आत शिरली. वाटेत स्वयंपाकघराची खिडकी होती.

ओट्यावर दोन कप मांडलेले होते. त्यातला एक कान तुटलेला, तिचा. तो टाकून दिला असेल, असं ती धरून चालली होती. ओट्याची डावी बाजू थोरलीच्या डब्याबरण्यांनी नेहमीसारखीच खचाखच भरली होती. उजवी बाजू, जिथे धाकटी उभी राहायची, तिथे एक चमचासुद्धा नव्हता. पुसून लख्ख ठेवली होती.

धाकटी आल्या पावली मागे फिरली. गल्लीच्या टोकापर्यंत गेली, डोळे पुसले आणि नेहमीच्या वेळेला घंटी वाजवली.

"पुन्हा आलीच बघ," थोरली म्हणाली.

"हो ना." धाकटीने कीड पुसून काढली. मग उठून गॅस पेटवला आणि सुरीचं पातं ज्योतीवर धरलं. "आज कापू या, ताई."

"अगं, पण कीड..."

"असू दे. कुंडी फुटायला आलीय. तुम्हाला फुलं बघायची आहेत की नाही?"

दोघींनी मिळून कुंडी फोडली. सडकी, पोकळ मुळं काढली, पांढरी ठेवली. दोन्हीकडे एकेक कोवळा कोंब येईल असं बघून धाकटीने सुरी चालवली. थोरलीने कापल्या जागी कोळशाची पूड दाबली. एरवी झपझप चालणारे तिचे हात आज रेंगाळत होते. थोरलीकडच्याच दोन रिकाम्या कुंड्या भरून झाल्या तशी तिने जुनं वर्तमानपत्र घेतलं आणि धाकटीची कुंडी गुंडाळायला लागली.

"मांडीवर धर. बसमध्ये धक्के बसतात," ती खाली मान घालून म्हणाली. "झालं एकदाचं. आता काही तुला हेलपाटे नाहीत."

"बांधू नका, ताई. दोन्ही इथेच राहू देत."

"का?"

"आमच्याकडे ऊनच येत नाही. मी येत जाईन की रविवारी, बघायला."

थोरलीचे हात थांबले. तिने धाकटीकडे पाहिलं, चष्मा काढला, बराच वेळ पुसला. मग कागद उलगडून दोन्ही कुंड्या खिडकीत शेजारी शेजारी ठेवल्या.

"मी तेव्हाच म्हटलं होतं," ती म्हणाली, "फार अंधारी जागा घेतलीत म्हणून."