राणीमातेची तपासणी

"नाना कुणाशी थेट बोलत नाहीत," राणीमातेच्या वतीने बोलणाऱ्या अज्येइवा आजी म्हणाल्या. "काय विचारायचं ते मला विचार, बाई."

राणीमाता अफ्राकोमा, मानाने 'नाना', मॅमोग्राफीच्या यंत्रापुढे उभ्या होत्या. कंबरेच्या वर उघड्या, आणि डोक्यावरून हनुवटीपर्यंत पांढरं कापड ओढलेलं. राणीमातेचा चेहरा आणि उघडी छाती परक्या माणसाने एका वेळी बघायची नसते, असं आजींनी दारातच बजावलं होतं.

नव्या यंत्राचा पहिला मान त्यांचा. त्या तपासून गेल्या की गावातल्या चाळीस बाया येणार होत्या. त्याआधी एकही नाही.

"मूत्रपिंडाचा त्रास? कुठल्या औषधाची रिॲक्शन?" फोटो काढणाऱ्या एसिनामने विचारलं.

"छे! वीस घागरी पाणी ओढलं तरी दम लागत नाही."

"राणीमाता पाणी कशाला ओढतील?" एसिनामला हसू आलं.

"बोलायची रीत असते, बाई. तू किनाऱ्याकडची, तुला काय कळणार! आटप. काही निघणार नाही. निघून चालणारही नाही. आमच्या गादीवर रोगी अंग बसत नाही."

उजव्या हाताची शीर शोधताना कोपराच्या आत कवडीएवढा भाजल्याचा डाग दिसला. राणीमातांनीही कधीकाळी केळी तळली असतील, या विचाराने एसिनामला उगाच बरं वाटलं.

"फोटो स्पष्ट येण्याचं औषध आहे, शिरेत गेलं की अंगभर ऊब येईल. घाबरू नका."

कापडाखालून मान हलली.

"फरशी गार आहे. पायाखाली चटई घालू?"

"नको, नको," आजी घाईने म्हणाल्या.

यंत्रापुढे सगळ्या बाया सारख्याच. अनवाणी आणि धास्तावलेल्या.

साध्या फोटोत नुसतं धुकं होतं. औषधानंतरच्या फोटोत डाव्या छातीत, काखेच्या अंगाला, पांढरी गाठ लख्ख उजळली.

मोठ्या डॉक्टरांनी दोनदा पाहून अहवाल लिहिला: कर्करोगाचा दाट संशय, तातडीने तुकडा काढून तपासावा.

राजवाड्यात हलकल्लोळ झाला. राणीमातेला कुमासी शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे एकदा तपासलं, मग पुन्हा तपासलं. काही म्हणजे काही निघालं नाही.

"किनाऱ्याकडची ना ती," बाजारात बाया एकमेकींना टाळ्या देत म्हणू लागल्या, "माशात काटा नसला तरी काढून दाखवेल!" आणि चाळीसच्या चाळीस जणींनी नावं मागे घेतली.

"माफी मागून ये," मोठे डॉक्टर म्हणाले. "जिन दारूच्या दोन बाटल्या घेऊन जा. रीत आहे."

"मी पाहिलं ते खोटं नव्हतं, डॉक्टर. तुम्हीही पाहिलंत."

"मग ते गेलं कुठे?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "चाळीस बाया, एसिनाम. त्यांतल्या दोघी-तिघींना तरी असणार. माझ्यासाठी नको, त्यांच्यासाठी जा."

ती गेली. राजवाड्याच्या चौकात सगळ्यांनी आनंदाची पांढरी वस्त्रं नेसली होती. एसिनाम गुडघ्यांवर बसली, बाटल्या पुढे ठेवल्या.

"माझी चूक झाली," ती म्हणाली.

अज्येइवा आजी दुसरीकडेच बघत होत्या. "नानांनी ऐकलं," त्या म्हणाल्या. "नानांनी माफ केलं. बायांनी आता खुशाल तपासून घ्यावं, असं नाना म्हणतात."

नाना प्रसन्न हसल्या, मागे रेलल्या, आणि त्यांच्या पायातली सोनेरी चप्पल निसटली.

सगळा चौक श्वास रोखून उभा राहिला. पायाशी बसलेल्या दासीने झेप घेऊन तळवा उताणा पुढे केला. राणीमातेचं पाऊल त्यावर टेकलं.

"वाचलो गं बाई," एसिनामच्या शेजारची पुटपुटली. "गादीवर बसल्यापासून नानांचं अनवाणी पाऊल जमिनीला लागलेलं नाही. न्हाणीघरातसुद्धा."

पाऊल मांडीवर घेऊन दासीने एकाच हाताने चप्पल चढवली. डावा तिने काखेशी घट्ट दाबून धरला होता. उजव्याच्या कोपरात, आतल्या बाजूला, कवडीएवढा भाजल्याचा डाग होता.